जबड्याचं हाड वाचताना

खालची दाढ काढून काही वर्षं झालेली असतात. वरची दाढ रिकाम्या जागेत उतरू लागलेली असते आणि पेशंट विचारतो, "डॉक्टर, इथे इम्प्लांट बसेल ना?" नुसतं तोंडात पाहून याचं उत्तर देता येत नाही. हिरडी वरून रुंद, गुलाबी आणि निरोगी दिसते, पण तिच्याखालचं हाड झिजून निमुळतं झालेलं असू शकतं. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाचं काम संपतं, आणि पहिल्या वर्षातच त्याची रुंदी झपाट्याने कमी होते.

मग निघतो ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच पट्टीत दाखवणारा एक्स-रे. फिनलंडच्या पाटेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हे तंत्र आकाराला आणलं, आणि आज तालुक्याच्या गावातही तो निघतो. हाडाची उंची, नसेचा मार्ग, सायनसचा तळ हे सगळं त्यात एका नजरेत येतं. रुंदी मात्र दिसत नाही, कारण वाकडा जबडा त्यात सपाट करून मांडलेला असतो. शिवाय चित्र साधारण वीस ते तीस टक्के मोठं उमटतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. ओपीजीवर पट्टी ठेवून इम्प्लांटची लांबी ठरवणं धोक्याचं आहे.

रुंदीसाठी सीबीसीटी, म्हणजे कोन-बीम सीटी, लागतो. इटलीतल्या वेरोना इथल्या मोझ्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दातांसाठीच्या अशा यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एकदा फिरतो आणि संगणकावर जबड्याचे हवे तिथे काप घेता येतात. पेशंटला तेवढा वेळ अजिबात हलायचं नसतं. गिळलं तरी कडा दुहेरी दिसतात.

काप वाचणं हे सावकाशीचं काम आहे. खालच्या पहिल्या दाढेच्या जागी एक-एक मिलिमीटरवर आडवे छेद घेतले की बाहेरची घट्ट हाडाची पांढरी कड दिसते, आत जाळीदार हाडाच्या बारीक रेषा दिसतात आणि खाली नसेच्या नळीचा काळसर गोल. वरच्या काठावरची कड अखंड आहे का? दाढ काढलेला खड्डा भरला आहे, की आत अजून काळी पोकळी आहे? सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं जिभेकडच्या बाजूला. तिथे हाड आत वळलेलं असतं. वरून सरळ खाली गेलेलं ड्रिल या खोलगट भागातून बाहेर पडू शकतं, आणि तिथल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर जिभेखाली रक्त साठून श्वास अडू शकतो. नसेपासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखायचं, हा सर्वमान्य दंडक आहे.

इथपर्यंत सगळं मापाचं झालं. हाडाची प्रत हा वेगळा प्रश्न आहे. लेकहोल्म आणि झार्ब यांनी 1985 मध्ये घट्ट आणि जाळीदार हाडाच्या प्रमाणावरून चार प्रकार पाडले. पुढे अमेरिकेतल्या मिश यांनी ड्रिल करताना हाताला काय जाणवतं त्यावरून वर्गवारी केली: ओकचं लाकूड, पाइन, बाल्सा आणि थर्मोकोल. खालच्या जबड्याचा पुढचा भाग बहुधा पहिल्या टोकाला, वरच्या जबड्याचा मागचा भाग शेवटच्या.

सर्वांत कठीण हाड म्हणजे सर्वांत चांगलं, असा समज असतो. तो चुकीचा आहे. अशा हाडाला रक्तपुरवठा कमी असतो आणि ड्रिल करताना ते तापतं. 47 अंश सेल्सियसला एक मिनिटभर राहिलं तरी हाडाला इजा होते, हे एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी 1983 मध्येच दाखवलं. म्हणून थंड सलाइनची धार आणि धारदार ड्रिल हवंच. मऊ हाडात उलटं करावं लागतं: भोक थोडं कमी पाडायचं आणि कॅप बसवण्याआधी जास्त महिने थांबायचं.

खरा मोह पुढे आहे. सॉफ्टवेअरमध्ये कर्सर हाडावर नेला की आकडा उमटतो, आणि पाहणाऱ्याला तो घनतेचं प्रमाणपत्र वाटू लागतो. हॉस्पिटलच्या सीटी स्कॅनमध्ये हाउन्सफील्डची मोजपट्टी असते: पाणी शून्य, हवा उणे हजार. सीबीसीटीतला करडा रंग या पट्टीवर भरवशाने बसत नाही. विखुरलेले किरण त्यात मिसळतात आणि डोक्याचा काही भाग चित्राबाहेर राहतो. शेजारच्या दाढेवर धातूची कॅप असेल तर काळे-पांढरे पट्टे येतात. यंत्र बदललं की तेच हाड वेगळा आकडा दाखवतं. आकडा सुटसुटीत असतो म्हणूनच फसवतो. कडेची जाडी आणि जाळीची वीण डोळ्यांनी वाचणं अधिक भरवशाचं. शेवटची खात्री ऑपरेशनच्या वेळी होते, इम्प्लांट आत जाताना लागणाऱ्या जोरावरून.

साधा ओपीजीही एक गोष्ट सांगून जातो. खालच्या जबड्याच्या तळाची घट्ट कड, हनुवटीजवळच्या नसेच्या छिद्राखाली, तीन मिलिमीटरपेक्षा पातळ किंवा कुरतडल्यासारखी दिसली, आणि पेशंट पाळी गेलेली स्त्री असेल, तर ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची, शंका घेऊन हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुचवायला हवी. दातासाठी काढलेल्या फोटोतून मणक्याची आणि खुब्याची काळजी घेतली जाऊ शकते. ही संधी अनेकदा वाया जाते, कारण सगळ्यांचं लक्ष दाढेवर असतं.

इम्प्लांटचा विचार करणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं: हाडं बळकट करण्यासाठी ॲलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर स्कॅनच्या आधीच डॉक्टरांना सांगा. या औषधांनंतर जबड्याचं हाड क्वचित भरूनच येत नाही, आणि हा धोका चांगल्या दिसणाऱ्या स्कॅनवरूनही कळेलच असं नाही. आणि सीबीसीटी काढलात तर नुसत्या छापील फिल्मवर समाधान मानू नका, स्कॅनची मूळ फाइल मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं, तर तीच कामी येते आणि पुन्हा किरण घ्यावे लागत नाहीत.