चोडणचा मानस

दिवाळीच्या सुटीत गोव्याला जाणारी आपली मंडळी देवळे, चर्च आणि समुद्र पाहून परततात. त्यांनी एक सकाळ काढून रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जावे. मात्र ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. पाहण्याजोगी गंमत तेव्हाच दिसते.

धक्क्यालगतची खारफुटी डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याची. पुढे लागतात ती खाजणे. ही शेते भरतीच्या पातळीहून खाली आहेत. मांडवीचे खारे पाणी दिवसातून दोनदा दाराशी येते, तरी आत भात पिकते! ही किमया माती, पेंढा व जांभा दगड यांच्या बांधाची आणि त्यातल्या ‘मानसा’ची. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटते, की ते आपोआप मिटते. ओहोटी लागली, की आतले पाणी त्याला लोटून बाहेर पडते. तोंडाशी जाळे लावले, की कोळंबी मिळते ती निराळीच. पावसाने जमिनीतले मीठ धुतले, की खारेपणा सोसणारे ‘कोरगुट’ भात पेरतात. बाहेरची खारफुटी लाटांचा जोर मोडते. पण तीच बांधावर रुजली तर मुळांनी बांध फोडते. निसर्गाची मदत घ्यायची तीही जागा नेमून!

अलीकडे अशा उपायांचे जगभर कौतुक होते. कौतुक करणाऱ्यांचे लक्ष दारावर असते, दार राखणाऱ्यावर नसते. खेकड्यांची बिळे बुजवायची कोणी, खचलेला बांध बांधायचा कोणी, हे पूर्वी गावकरी संस्था ठरवी. 1526 साली पोर्तुगिजांनी तिचे रिवाज लिहून ठेवले, तेव्हाही ती जुनीच होती. 1964 च्या कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. कसणाऱ्याला न्याय मिळाला, हे चांगलेच झाले. पण अनेक ठिकाणी डागडुजी मागे पडली आणि मानसावरच्या मासळीचा लिलाव मात्र जोरात राहिला. कोळंबीसाठी खारे पाणी आत घेतले, की भात जाते, आणि पडीक शेतात खारफुटी शिरते.

आपल्या कोकणातही खारभूमीचे बांध आहेत. तेथे कोणी मानस बसवू म्हणाला, तर लाकडाचा भाव मागाहून विचारावा. भर पावसात, मध्यरात्री बांध फुटला तर कुदळ घेऊन कोण धावणार, ते आधी विचारावे.

चोडणला कोरगुटचा उकडा तांदूळ मिळाला तर जरूर आणावा. तांबूस, जाड दाणा. शिजायला वेळ घेतो, पण पेज फार चांगली होते.