मेणबत्तीवर जगलेले परजीवी

मामांचं नाव त्या पेपरवर नाही, ही गोष्ट मला आजही पचत नाही. पेपर २००७ सालचा. त्यातल्या निम्म्या निष्कर्षांना आता कुणी विचारत नाही, मीसुद्धा माझ्या विद्यार्थ्यांना तो वाचायला सांगत नाही. तरीही लॅबमध्ये लेखकांच्या क्रमाचा विषय निघाला की मी फिरून तिथेच येते.

माझं बाकीचं फारसं सांगण्यासारखं नाही. पुण्याला एम.एस्सी., मुंबईत पीएच.डी., थोडी वर्षं परदेशात, परत येऊन पीएच.डी.च्याच सरांच्या लॅबमध्ये रिसर्च असोसिएट, मग स्वतःची लॅब. या क्षेत्रात बहुतेकांचं असंच असतं. विषय मलेरियाचा परजीवी, प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम, आणि त्यातही त्याच्या पेशीतला एपिकोप्लास्ट नावाचा इवलासा भाग. तो मूळचा शैवालाचा आहे, असं १९९६-९७ च्या सुमारास पुढे आलं तेव्हा मी विद्यार्थिनी होते. फार प्राचीन काळी या परजीवीच्या पूर्वजाने एक शैवाल गिळलं आणि ते आतच राहिलं. त्याचं प्रकाशसंश्लेषण गेलं, पण ३५ हजार अक्षरांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए त्याने आजवर सांभाळला आहे. माणसाच्या रक्तपेशीत दडून राहणाऱ्या जिवाच्या आत वनस्पतीचा अवशेष! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आपल्या पेशींत असं काहीच नाही, म्हणजे त्यावर नेमका घाव घालणारं औषध माणसाला बाधणार नाही, अशी सगळ्यांची आशा होती. २००१ साली बेंगळुरूच्या नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया यांनी ट्रायक्लोसान हे त्या काळी साध्या साबणात आणि टूथपेस्टमध्ये वापरलं जाणारं रसायन या परजीवीला मारतं असं दाखवलं, तेव्हा तर एपिकोप्लास्टमधली मेदाम्लं बनवणारी यंत्रणा हेच भविष्य, असं आम्ही सगळे धरून चाललो. माझं प्रथिन त्याच यंत्रणेतलं.

पण हे सगळं करायला परजीवी जिवंत लागतो, आणि तिथे मामा येतात.

न्यूयॉर्कमध्ये ट्रॅगर आणि जेन्सन यांनी १९७६ साली हा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत, काचेच्या भांड्यात, सतत वाढवून दाखवला. तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये हे कल्चर विरजणासारखं चालत आलं आहे. आजच्यातलं थोडं काढून उद्याच्या ताज्या रक्तात घालायचं. एक दिवस चुकला तर संपलं. फाल्सिपॅरमचं चक्र ४८ तासांचं. रक्तपेशीत शिरला की अंगठीसारखा दिसतो, मग फुगतो, हिमोग्लोबिन खातो, आणि शेवटी पेशी फोडून दीड-दोन डझन पिल्लं बाहेर पडतात. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही. रोज मीडियम, म्हणजे परजीवींचा पोषक द्रव, बदलायचं, स्लाइड करायची, ताजं रक्त घालायचं.

हे सगळं मामा करत. हुद्दा लॅब अटेंडंट, शिक्षण दहावी, गाव मालवणजवळचं. गणपतीला गावी गेल्याशिवाय ते राहत नसत, आणि जाण्याआधी आम्हाला समोर बसवून सगळं करून घेत. त्यांची स्लाइड करण्याची पद्धत मी आजही मुलांना शिकवते. रक्ताचा थेंब काचेच्या टोकाशी, दुसरी काच पंचेचाळीस अंशात टेकवायची, थेंब कडेने पसरेपर्यंत थांबायचं आणि मग न थबकता एका दमात पुढे न्यायची. शेवट पिसासारखा विरळ झाला पाहिजे, कारण पेशी एकमेकींवर न चढता दिसतात त्या तिथेच. मिथेनॉलमध्ये बुडवून वाळवायची, मग जिम्साचा रंग द्यायचा. मामा फ्लास्क उजेडाकडे धरत, वरच्या मीडियमचा रंग बघत आणि सांगत, ‘ताई, आज पाच टक्क्यांच्या वर गेलंय, पातळ करा.’ मोजून बघितलं तर तेवढंच निघे. परजीवी वाढले की आम्ल वाढतं आणि लाल मीडियम पिवळटतं, यात गूढ काही नाही. पण ती नजर माझ्या कुठल्याही पीएच.डी. विद्यार्थ्याला अजून आलेली नाही.

२००५ च्या जुलैत आमच्याकडे नवं कल्चर होतं. माझ्या प्रथिनाला हिरवं चमकणारं जीएफपी जोडून तो डीएनए परजीवीत घातला होता. हे सांगायला सोपं आहे. फाल्सिपॅरमच्या जनुकसंचात ए आणि टी या अक्षरांचा भरणा ८० टक्क्यांच्या आसपास. जीवाणूंत प्लाझ्मिड बनवतानाच तुकडे गळतात. मग विजेचा झटका देऊन डीएनए आत घालायचा, तो न घेतलेले परजीवी मारणारं औषध चालू करायचं, आणि आठवडेच्या आठवडे रिकाम्या स्लाइड बघत बसायचं. त्या आधीचे दोन प्रयत्न वाया गेले होते. या खेपेला नुकत्याच काही अंगठ्या दिसायला लागल्या होत्या. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवण्याइतके परजीवी अजून झाले नव्हते. जे होतं ते त्या दोन फ्लास्कमध्ये.

२६ जुलैचं मुंबईकरांना सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. आमची संस्था उपनगरात. दुपारी गाड्या बंद पडल्या, संध्याकाळी वीज गेली, आणि जनरेटर तळघरात होता तो पाण्याखाली गेला. सर परगावी. तिसऱ्या मजल्यावर मामा, मी आणि एक ज्युनिअर मुलगा. इन्क्युबेटर बंद. आत ३७ अंश आणि ठरावीक वायू लागतो, तो किती वेळ टिकणार? मी हात टेकले होते. स्पष्टच सांगते, मला त्या फ्लास्कपेक्षा आईला फोन लागत नाही याची जास्त काळजी होती.

मामांनी कपाटावरून जुना काचेचा डेसिकेटर, म्हणजे घट्ट झाकणाचं हवाबंद भांडं, काढला. मेणबत्तीची पद्धतही ट्रॅगर-जेन्सनचीच. आमच्याकडेही वायू पुरवणारा इन्क्युबेटर येण्याआधी तीच चालायची आणि मामा ती शिकलेले होते. निर्जंतुक हवा देणारा लॅमिनार हूड बंद, म्हणून गॅसचा बर्नर पेटवून त्याच्या ज्योतीशेजारी त्यांनी कल्चर फ्लास्कमधून पेट्री डिशमध्ये घेतलं. पावसाळ्यात बुरशी कुठूनही येते, त्यामुळे ते बोलतसुद्धा नव्हते, श्वास आवरून काम चाललं होतं. डिश डेसिकेटरमध्ये, मधे पांढरी मेणबत्ती, झाकण लावलं, कॉक उघडा. ज्योत बारीक होत गेली आणि विझण्याच्या बेतात आली तेव्हा त्यांनी कॉक फिरवला. आत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड वाढलेला, परजीवीला हवा तसा. मग तो डेसिकेटर परदेशी पार्सलच्या मोठ्या थर्माकोलच्या पेटीत, चहूबाजूंनी गरम पाण्याच्या बाटल्या, एका कोपऱ्यात थर्मामीटर. बर्नरवर बीकर ठेवून पाणी तापवायचं आणि गार झालेल्या बाटल्या बदलायच्या. रात्रभर. ४० च्या वर गेलं तर परजीवी मरतात, म्हणून पाणी किती तापवायचं हे ते बोट घालून ठरवत, मग थर्मामीटर बघत.

मामांचं घर कुर्ल्याला, चाळीत, तळमजल्यावर. मिठी नदी तिथे घराघरांत शिरली होती हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता, पण त्यांना अंदाज असणारच. सकाळी ते पाण्यातून चालत घरी गेले. बायको-मुलं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सुखरूप होती, घरातलं मात्र काही उरलं नव्हतं. संध्याकाळी ते चालतच परत आले. पिशवीत मेणबत्त्या होत्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या.

‘मामा, तुम्ही आज यायचं नव्हतं,’ मी म्हटलं.

‘घरात बसायला जागा कुठंय, ताई? आणि बाटल्या कोण बदलणार?’

वीज येईपर्यंत हे असंच चाललं. आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीत ठेवून, ढगाळ उजेडात, आम्ही जिम्सा केलेली स्लाइड बघितली. अंगठ्या होत्या. थोड्याच, पण निळसर कडा आणि लाल ठिपका स्वच्छ.

त्याच कल्चरमधून पुढे ते चित्र आलं: केंद्रकाला निळा रंग, शेजारी हिरवा ठिपका, आणि परजीवी पिकत जाईल तसा तो ठिपका फांद्या फुटल्यासारखा पसरत जाणारा. पेपरचं ते मुख्य चित्र. पेपरवर पाच नावं. एक नाव अशा गृहस्थाचं, ज्यांनी आम्हाला आठवडाभर मायक्रोस्कोप वापरू दिला होता. मामांचं नाव मी मसुद्यात घातलं होतं, ते सरांनी काढलं. ‘अटेंडंटचं नाव पेपरवर नसतं,’ एवढंच कारण. आभारात ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणून आलं, तेही आडनावाचं स्पेलिंग चुकवून.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरले असते. पुढच्या वर्षी मामा टेक्निशियनच्या श्रेणीसाठी मुलाखतीला गेले. समितीने विचारलं, शैक्षणिक पात्रता नाही, मग संशोधनातला सहभाग दाखवणारं काही आहे का? दाखवायला काही नव्हतं. मी प्रमाणपत्रवजा पत्र दिलं होतं, ते रिसर्च असोसिएटचं म्हणून फाइलला लागलं नाही. ज्याच्या हाताने ते परजीवी जगले, त्याचा सहभाग सिद्ध करणारा एक कागद अख्ख्या संस्थेत नव्हता, आणि तो कागद होऊ शकला असता त्यातून नाव आम्हीच उडवलेलं. मामा निवृत्त झाले ते अटेंडंट म्हणूनच.

मधल्या काळात विज्ञान पुढे गेलं. २००८ मध्ये असं दिसलं की मेदाम्लांची ती यंत्रणा रक्तातल्या अवस्थेत बंद केली तरी परजीवी वाढतो. तिची गरज यकृतातल्या अवस्थेत लागते. ट्रायक्लोसान मारतं हे खरं, पण आम्ही समजत होतो त्या वाटेने नाही. मग २०११ मध्ये एलेन ये आणि जोसेफ डेरिसी यांनी प्रतिजैविकाने अख्खा एपिकोप्लास्टच घालवला आणि मीडियममध्ये आयपीपी नावाचा एकच रेणू पुरवून परजीवी जिवंत ठेवले. रक्तात असताना परजीवीला त्या अवयवाकडून तेवढी एक गोष्ट हवी असते. मी तो पेपर वाचला तेव्हा माझी उमेदीची वर्षं वाहून गेली असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. इतका सुंदर प्रयोग मी त्याआधी क्वचितच वाचला होता, आणि त्या आनंदाने मी मामांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आपलं हिरवं कल्चर अजून ठेवलंय का?’ ठेवलं आहे, द्रव नायट्रोजनमध्ये.

पेपरवरच्या नावाबद्दल मी त्यांच्याकडे एकदाच बोलले. ते म्हणाले, ‘नावाचं काय करायचं, ताई? श्रेणी मिळाली असती तर पेन्शन वाढली असती.’ म्हणजे इतकी वर्षं मी ज्यासाठी जळत होते ते त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं, आणि त्यांचं दुःख वेगळंच, जास्त साधं होतं.

आता लेखकांच्या याद्या मी करते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा निकष असा, की ज्याचं नाव लागलं त्याने अख्ख्या पेपरची जबाबदारी घेतली पाहिजे, मसुदा वाचून त्याला मान्यता दिली पाहिजे. इंग्रजी मसुदा न वाचणारे मामा त्यात बसले नसते. हा निकष चुकीचा आहे असंही मला म्हणवत नाही. खोट्या आकड्यांचे पेपर मागे घ्यावे लागतात तेव्हा जबाबदार कोण हे ठरावंच लागतं. पण मग कुणीतरी तो मसुदा मराठीत त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवायला काय हरकत होती? माझ्या लॅबमध्ये आम्ही ते करतो. आकडे ज्याने मोजले त्याच्यासमोर ते वाचले जातात, आणि चुका तिथेच सापडतात. नव्या मुलांना माझं सांगणं आहे, निदान पहिलं वर्षभर स्वतःचं कल्चर स्वतः पाळा, शनिवार-रविवारसकट.

आणि खरी गरज नावापेक्षा जागांची आहे. आता टेक्निशियन मिळतो तो प्रोजेक्टच्या मुदतीपुरता. त्याचा हात बसतो न बसतो तोच पैसे संपतात आणि तो औषध कंपनीत जातो. त्याने जायलाच हवं. मग पुन्हा नवा मुलगा, पुन्हा बुरशी लागलेले फ्लास्क. लाखोंची यंत्रं मंजूर होतात, पण ती चालवणाऱ्या हातांच्या पगाराची ओळ सर्वांत आधी कापली जाते. आमच्या सध्याच्या प्रोजेक्टची मुदत मार्चमध्ये संपते. नव्या अर्जात टेक्निशियनची जागा मी सर्वांत वर लिहिली आहे, आणि या वेळी ती कापली तर कारण लेखी मागणार आहे.