भिंतीतली ओल

अब्बा गवंडी होते. मी आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत ते मला वणीहून देवळालीला कामावर घेऊन गेले. तिथे इंग्रजांच्या काळातला एक दगडी बंगला दुरुस्त करायचा होता.

दोन खणांच्या घरात वाढलेल्या मला तो राजवाडाच वाटला. दोन फूट जाडीच्या भिंती, उंच छत, खोल व्हरांडा आणि बैठकीच्या खोलीत चक्क भिंतीत चूल!

"चूल नाही बेटा, थंडीत शेकायला आहे. साहेबाने विलायतेची आठवण भिंतीत बांधून घेतली."

"इंग्रज काय भारी बांधायचे!" मी म्हणालो.

अब्बांनी भिंतीवर टाकी वाजवली. "हा दगड बघ. आपल्या सप्तशृंगीच्या डोंगराचा तोच हा काळा पत्थर. चुना इथला, हात इथले. साहेबाचं धुराडं आणि नकाशा."

पुढे वाचत गेलो तसं अब्बांचं म्हणणं पटत गेलं. हा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. 'बंगला' हा शब्द इंग्रजांनी बंगालमधल्या साध्या घरांवरून उचलला. वरची मंगलोरी कौलं बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला कारखाना काढला, तिथून पसरली. खुद्द देवळालीने इंग्रजीला एक शब्द दिला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक इथल्या छावणीत कंटाळून जायचे. त्यावरून डोकं फिरलेल्याला ते 'डुलॅली' म्हणू लागले.

त्या बंगल्यात कुणीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं. अब्बा आठवडाभर ते खरवडत बसले. "भिंतीत पाणी शिरणारच. चुना त्याला बाहेर जाऊ देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग ते घरात येतं."

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही अब्बा गेल्यावर वणीच्या आमच्या घराला मीच सिमेंटचा गिलावा करून घेतला. घर पक्कं दिसावं, एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्या पावसाळ्यात अब्बांची जानमाज टांगलेल्या भिंतीला ओल आली. पोपडे सुटले. पाहुणे म्हणाले, "पाडा आता, स्लॅबचं बांधा."

या उन्हाळ्यात मी टाकी घेऊन बसलो. गिलाव्याखाली अब्बांचे दगड निघाले. दोन दगडांमधल्या फटीत त्यांनी बारीक चिपा इतक्या घट्ट बसवल्या होत्या, की एकही हलली नव्हती. सांधे चुन्याने भरले. हात सोलवटले, काम अब्बांसारखं झालं नाही.

ओल अजून आहे. अम्मी रोज फजरनंतर भिंतीला हात लावून बघते. काल म्हणाली, "रेघ चार बोटं खाली आलीय."