मामांचा पत्रव्यवहार

समोरच्याला ‘हो’ म्हणणे सोपे कसे जाईल याचा आधी विचार करायचा आणि मगच कागद पुढे ओढायचा, ही सवय मला धाकट्या मामांनी लावली. त्यांना ती लागली कन्याकुमारीचे विवेकानंद शिलास्मारक उभारणाऱ्या एकनाथ रानड्यांपासून. मामा अमरावतीचे आणि रानड्यांचा जन्म त्याच जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचा. तेवढ्या भांडवलावर मामा त्यांना ‘आपले एकनाथजी’ म्हणत.

कन्याकुमारीच्या शिलास्मारकामागेही मुळात एक पत्रच आहे. १९ मार्च १८९४ रोजी विवेकानंदांनी शिकागोहून गुरुबंधू रामकृष्णानंदांना लिहिले, की भारताच्या त्या शेवटच्या खडकावर बसून आपल्याला पुढच्या कामाची दिशा सुचली. स्वामीजी खडकावर पोहत गेले की होडीने, या वादात मामांना रस नव्हता. पत्र आहे ना, मग झाले.

१९६३ च्या जन्मशताब्दीत स्मारकाची कल्पना निघाली आणि अडचणीही निघाल्या. तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांचा खडकावर दावा होता. मद्रासचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम राजी नव्हते. केंद्रातले मंत्री हुमायून कबीर यांना खडकाचे निसर्गसौंदर्य बिघडण्याची धास्ती होती (ती अगदीच गैर होती असे मला आजही वाटत नाही). एकनाथजींनी दिल्लीत ठाण मांडून तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले.

मामांना मात्र पुढचा भाग जास्त प्रिय. मुख्यमंत्री तयार झाले, पण पंधरा फूट बाय पंधरा फुटांच्या घुमटीला. एकनाथजी हुज्जत घालत बसले नाहीत. आराखड्याबाबत आपण कोणाचा शब्द मानाल, एवढेच त्यांनी विचारले. कांचीच्या शंकराचार्यांचे नाव निघाले. मग स्थपती एस. के. आचारी यांचे आराखडे आचार्यांपुढे गेले आणि त्यांनी पसंत केलेला मंडप सरकारने मान्य केला: १३० फूट दीड इंच बाय ५६ फूट. “घुमटी देणाऱ्याकडून वरच्या दीड इंचासकट मंजुरी!” मामा मांडीवर थाप मारत.

खर्च सव्वा कोटीच्या वर गेला. त्यात सामान्य माणसांच्या एकेका रुपयाचा मोठा वाटा होता. मामाही शाळांतून, कचेऱ्यांतून रुपया-रुपया गोळा करत आणि जमेल तितक्यांना आभाराचे पत्र पाठवत. खाली कार्बन. कार्बनचा कागद खिडकीशी धरून पाहायचे, पार विरल्याशिवाय टाकायचे नाहीत. त्यातली एक फाईल माझ्याकडे आहे. एका मास्तरांनी कळवले होते, की रुपया माझ्या नावे नको, सातवीच्या वर्गाच्या नावे लिहा. मामांनी खाडाखोड न करता नवी पावती पाठवली आणि वर वर्गाचे अभिनंदनही केले.

आईचे पेन्शन एका कचेरीत अडले, तेव्हा मी मामांकडेच गेले. त्यांनी तक्रार लिहूच दिली नाही. “कोणाचा दाखला आपण ग्राह्य धराल?” एवढाच प्रश्न विचारणारे चार ओळींचे पत्र त्यांनी सांगितले. त्या साहेबांनी एका अधिकाऱ्याचे नाव कळवले, आम्ही दाखला आणला, पेन्शन सुरू झाले.

२ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. त्याचे कात्रण मामांनी फाईलच्या पहिल्या पानावर डकवले आहे. मामींचे म्हणणे वेगळेच. गावाला अशी लांबलचक पत्रे आणि मी माहेरी गेले की मला फक्त ‘पत्र पोचले, बाकी ठीक.’ त्याचीही कार्बन कॉपी फाईलमध्ये आहे, तारखेसकट.