मी बाबांबरोबर कामाला गेले

माझे बाबा सुतार आहेत. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर कामाला जाते. बाबा मागतील ते हत्यार मी पिशवीतून काढून देते. रंधा, करवत, पटाशी, अंबूर ही सगळी नावे मला पाठ आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या आळीतल्या काकूंच्या घरी गेलो. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीच्या बुडाला लाकडी पट्टी आहे. त्यांच्या मुलाने शहरात बघून तशी करून घेतली होती. एका बाजूच्या पट्टीला वाळवी लागली होती. ती काढून नवी बसवायची होती. पण भिंतीला नुकताच रंग दिला होता. काकू म्हणाल्या, "भाऊ, पट्टी मोडली तरी चालेल, पण माझ्या भिंतीला काही होऊ देऊ नका हं."

मुलांनो, पट्टी कशी काढतात ते सांगते. आधी बाबांनी पट्टीच्या वरच्या कडेने धारदार चाकू फिरवला. पट्टीचा आणि भिंतीचा रंग एकमेकांना चिकटलेला असतो. तो कापला नाही तर पट्टीबरोबर भिंतीचा पोपडा निघतो. मग फटीत पातळ पटाशी हलकेच ठोकली आणि तिच्यामागे भिंतीला टेकवून एक फळकूट धरले. मी विचारले, "हे कशाला?" बाबा म्हणाले, "आगं, जोर कुठंतरी बसणारच. तो भिंतीवर नको, फळकुटावर बसू दे."

भिंतीत लाकडाच्या गिट्ट्या असतात. त्यांत खिळे ठोकलेले असतात. बाबा खिळ्याजवळच जोर द्यायचे. एकदम नाही, इथे थोडा, तिथे थोडा. चांगल्या तुकड्याचे खिळे त्यांनी मागच्या बाजूने अंबुराने ओढून काढले. तसे केले म्हणजे पट्टीचे पुढचे तोंड फुटत नाही.

शेवटचा तुकडा राहिला तेव्हा बाबा पाणी प्यायला गेले. मला वाटले, आपणच काढून दाखवू. मी पटाशी घातली आणि जोरात दाबली. फळकूट लावायचे राहिलेच! तळहाताएवढा गिलावा खाली पडला. मला घामच फुटला. मी कोपऱ्यातले तांदळाचे पोते ओढून तिथे लावले आणि गप्प बसले.

संध्याकाळी नवी पट्टी बसली. पोते होते तेवढी जागा सोडून काकूंनी सगळी भिंत पाहिली. त्या खूश झाल्या आणि म्हणाल्या, "तुमचा हात लई हलका आहे." बाबा हसले. ते पैसे मोजून घेत होते. मला राहवेना. मी रडतच म्हणाले, "काकू, पोत्यामागं भिंत फुटलीय. मी फोडली."

बाबांनी पोते सरकवून पाहिले. ते मला काही बोलले नाहीत. त्यांनी थोडे पैसे काकूंना परत दिले आणि म्हणाले, "उद्या येऊन नीट करतो."

दुसऱ्या दिवशी बाबांनी ती जागा ओली करून वाळू-सिमेंट भरले. पाणी मी मारले. त्या दिवसाची मजुरी मिळाली नाही. रंग लावला तरी तो डाग थोडा वेगळा दिसतोच. काकूंकडे गेले की माझे लक्ष आधी तिकडेच जाते.

घरी येताना बाबांनी ते फळकूट माझ्या हातात दिले. म्हणाले, "हे आता तुझं. इसरायचं न्हाई." ते मी माझ्या दप्तराशेजारी ठेवले आहे.