न्यासापहार

ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या शनिवारी कोथरूडमधील त्या सदनिकेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या गेल्या. सहा वर्षे राहिलेला भाडेकरू वाकडला स्वतःच्या घरी निघाला होता. घरमालक काकांनी हिशेबाचा कागद पुढे केला: अनामत ६०,०००; वजा रंगकाम १८,०००, न्हाणीघराचा नळ ९००, खिडकीची फुटलेली काच १,४००, शेवटचे वीजबिल १,२६०. बाकी ३८,४४०.

नळ आणि काच त्याने मान्य केली. रंगाविषयी मात्र तो बोलला. “काका, सहा वर्षांत भिंती मळणारच. करारात ‘नैसर्गिक झीज वगळून’ असे लिहिले आहे ना?”

“रंग देऊन घर दिले होते. तसेच परत मिळायला हवे,” काका म्हणाले.

खाली टेम्पो उभा होता. नव्या घराचा हप्ता तोंडावर आला होता. त्याने धनादेश घेतला, काकूंना वाकून नमस्कार केला आणि तो गेला. अशा वेळी भाडेकरू बहुधा असाच जातो. करार आहे, नोटीस आहे, न्यायालय आहे. परंतु सामान बांधून बसलेल्या माणसापाशी वेळ नसतो, आणि घरमालकाला ते पुरते ठाऊक असते.

प्रकरण येथेच मिटले असते. पण काकांच्या कपाटात २०१९ ची रोजनिशी होती. त्या वर्षी कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी भाडेकरू नोकरीनिमित्त बंगळुरूला होता. सांगलीहून त्याचे वडील आले आणि वाढीव अनामतीपोटी स्वतःच्या खात्याचा २०,००० रुपयांचा धनादेश देऊन गेले. दलालाने जुनाच मसुदा पुढे चालवला; करारात ६०,००० तसेच राहिले. पुढच्या खेपेस दुरुस्त करू, असे ठरले. पुढच्या खेपेस टाळेबंदी होती, आणि २०२१ मध्ये वडीलच गेले. मुलाला या रकमेची कल्पना नव्हती.

काकांना होती. हिशेबाचा कागद लिहिताना अनामतीच्या आकड्यापाशी लेखणी क्षणभर थांबली होती. त्याने मागितले ६०,०००, करारात ६०,०००; मग खोटे काय बोललो, असे त्यांनी मनाशी म्हटले. या रकमेवर भाडेकरूला व्याज मिळत नाही, ही गोष्ट वेगळीच. मुद्रांक शुल्क आकारताना शासनदेखील परत करावयाच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरते. घरमालकाच्या हिशेबात ते सहसा येत नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झाले. मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राच्या एका अध्यायाचे विवेचन होई. सातव्या दिवशी व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा अध्याय आला. काकांना ती नावे तोंडपाठ होती. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत न्यासापहार येतो, हेही. पंडितजींनी अर्थ सांगितला: ठेव ठेवणारा आपला आकडा विसरतो, कमी मागतो, आणि सांभाळणारा ‘बरोबर आहे’ म्हणून तेवढीच रक्कम हाती ठेवतो. हा दोष अचौर्याखाली नव्हे, सत्याखाली सांगितला आहे. चोरी केली नाही म्हणून समाधान मानणाऱ्याची वाट आचार्यांनी तेथेच अडवली आहे.

त्या दिवशी काकांचा उपवास होता. दुपारी त्यांनी रोजनिशी काकूंपुढे ठेवली. काकूंनी ती वाचली, आणि एवढेच विचारले, “आणि रंगाचे?”

“रंगाचे वेगळे.”

“सहा वर्षांनी आपण राहत असतो, तर रंग कोणाच्या पैशाने दिला असता?”

काका काही बोलले नाहीत. सायंकाळी सामायिक झाल्यावर त्यांनी फोन लावला. नळ, काच आणि वीजबिल कापूनच, असे त्यांनी आधी स्पष्ट केले. हिशेबी माणसाला तेवढे म्हटल्यावाचून पुढचे बोलता येत नाही. मग रंगाचे १८,००० आणि वडिलांचे २०,००० मिळून ३८,००० पाठवतो, असे सांगितले. ‘माझे चुकले’ हे शब्द मध्येच कुठेतरी, घाईने आले.

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

“काका, बाबांनी धनादेशाबरोबर काही लिहून दिले होते का?”

रोजनिशीच्या पानाला चिठ्ठी टाचलेली होती. निळ्या शाईत चार ओळी, खाली तारीख आणि सही.

“आहे,” काका म्हणाले.

“पैसे सावकाश पाठवा. ती चिठ्ठी टाकून देऊ नका. उद्याच येऊन घेऊन जातो.”

काकांनी टाचणी काढली. कागदावर तिचा गंज उमटला होता.