रबरी नळी आणि एक खोटी सही

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्हां तिघा वर्गमित्रांना एकाच वेळी एकच गोष्ट आठवली. ती प्रार्थनासभेतील नाही, क्रीडांगणावरचीही नाही. ती वसतिगृहाच्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडर मोटारीच्या इंजिनावरील एका वीतभर रबरी नळीची आहे. आजवर आम्ही ती कोणालाही सांगितलेली नाही. म्हणून तिघांनी मिळून लिहीत आहोत.

ही मोटार एका हितचिंतकाने वापरून झाल्यावर शाळेला दिली होती. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार झालेली, १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची. धान्याची पोती, पाहुणे, आजारी मुले, सारे तिच्यातूनच नांदगाव पेठेहून अमरावतीला ये-जा करीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी श्रमदानात कोणी विहाराचे अंगण झाडी, कोणी भाजीचे वाफे करी. आम्हां तिघांकडे मोटारीची निगा होती. चालककाकांनी त्यासाठी एक वही घातली होती. पाणी, ऑइल, बॅटरी, हवा अशा कामांची यादी आणि प्रत्येकापुढे खूण व सही. यादीतले शेवटचे काम होते : ‘ब्रीदर नळी काढून धुणे.’

ही नळी कशासाठी, हे काकांनी पहिल्याच दिवशी समजावले होते. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते तेव्हा पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली, ऑइल असते त्या क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात धूर असतो, पाण्याची वाफ असते, न जळलेले पेट्रोल असते. तो बाहेर पडला नाही तर आत दाब वाढतो. म्हणून इंजिनाच्या माथ्यावरील झाकणापासून एअर क्लीनरपर्यंत ही नळी दिलेली असते. वायू तिच्यातून ओढला जाऊन पुन्हा इंजिनात जळतो. पूर्वीच्या गाड्यांत तो सरळ रस्त्यावर सोडला जाई. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने हवेच्या प्रदूषणामुळे त्यावर बंधन आणले, ही माहिती आम्हांला पुढे तंत्रनिकेतनात मिळाली. काकांची भाषा सोपी होती. “पोट्टेहो, इंजिनाले बी श्वास सोडू द्या लागते. नाई तं ते घाम सोडते.”

तो घाम म्हणजे ऑइल. नळी तुंबली की आतला दाब वाट शोधतो आणि गॅस्केटमधून, सीलमधून, ऑइल मोजायच्या पट्टीच्या भोकातून ऑइल बाहेर ढकलतो. थंडीच्या दिवसांत गाडी जवळच्या जवळ फिरली की इंजिन पुरते तापत नाही, वाफ आतच राहते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते. तीच साय नळीत साचून काळी, चिकट होते. उलट, नळीला चीर पडली तर वऱ्हाडातली काळ्या मातीची धूळ तिच्यातून आत जाते आणि रिंगा घासते.

काम अर्ध्या तासाचे होते. क्लिप सैल करायची, नळी पिळत काढायची, रॉकेलने धुऊन सुकवायची, उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहायचे, वाकवून चिरा शोधायच्या. दाबल्यावर नळी मऊ, फुगीर लागली तर ती बदलायची. आणि बागेतल्या पाण्याची नळी तिथे कधीही लावायची नाही, कारण ऑइलने ती फुगते आणि ओढीने आत चिपकते. आम्ही दोन-तीनदा हे मनापासून केले. नंतर हात काळे होतात, वास जात नाही, आणि त्याच वेळी मैदानावर क्रिकेट सुरू झालेले असते. गाडी तर चालतेच आहे! सलग चार महिने आम्ही नळीला हातही न लावता खूण केली आणि सही ठोकली.

गाडीखाली ऑइलचे थेंब दिसू लागले होते. काकांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, “काका, टाकतानी सांडलं असन.” त्या दिवशी सकाळी आम्ही सर्वांबरोबर पंचशील म्हटले होते. चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे.

श्रावणातल्या एका रात्री सातवीच्या एका मुलाला साप चावला. अधीक्षक गुरुजी, काका आणि त्या मुलाचे डोके मांडीवर घेऊन आमच्यापैकी एक, असे सारे इर्विन रुग्णालयाकडे निघाले. महामार्गावर काकांनी गाडी पळवली. रहाटगावच्या अलीकडे बॉनेटमधून धूर आला आणि ऑइलचा लाल दिवा लागला. काकांनी गाडी कडेला घेतली. पट्टी वर उचलली गेली होती. ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या नळावर पडून जळत होते. आणखी पुढे नेली असती तर इंजिन जाम झाले असते.

भर पावसात काका रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एक मालमोटार थांबवली. तिच्यातून मुलगा रुग्णालयात पोचला. किती मिनिटे गेली, हे आम्ही मोजलेले नाही; मांडीवर डोके असणाऱ्याला ती आजही मोजता येत नाहीत. प्रतिविष मिळाले आणि मुलगा वाचला.

तिसऱ्या दिवशी काकांनी आम्हांला गॅरेजमध्ये बोलावले. नळी काढून त्यांनी उजेडाकडे धरली. पलीकडचे काहीही दिसत नव्हते. मग वही उघडून त्यांनी आमच्या चार सह्या दाखवल्या. आम्ही शिक्षेची वाट पाहत राहिलो. ते एवढेच म्हणाले, “मी बी एकडाव पाह्याले पायजे होतं.” आणि रॉकेलचा डबा आमच्यापुढे सरकवला. गुरुजींना त्यांनी ‘जुनी गाडी आहे, होते असे’ असे सांगितले. दोष आमचा होता. त्यातला वाटा त्यांनी आपल्याकडे घेतला आणि उरलेला आमच्यापाशी ठेवला. त्यानंतर शाळा सोडेपर्यंत एकही पहिला रविवार चुकला नाही.

काका आता नाहीत. आमच्यापैकी एक आज मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, एक शिक्षक आहे, एक कार्यालयात रोज शंभर कागदांवर सह्या करतो. कागद न वाचता लेखणी उचलली की तिघांनाही उजेडाकडे धरलेली ती काळी नळी दिसते.

त्या रात्रीचा तो सातवीचा मुलगा आपल्या माजी विद्यार्थी मेळाव्याला दरवर्षी येतो आणि आम्हांला ‘दादा’ म्हणून हाक मारतो. गाडी का बंद पडली, हे त्याला आजवर ठाऊक नाही. हा अंक त्याच्याही हाती पडेल. यंदाच्या मेळाव्यात आम्ही तिघे दाराशीच उभे राहू.